बेसमेंटमधलं गाव

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं तेव्हा जुलै महिना होता. अबू धाबीत जुलैमध्ये चालायला सांगणारा डॉक्टर एक तर नवखा असतो, नाही तर त्याचा आपल्यावर जुना राग असतो. मॉलमध्ये चालून पाहिलं. तिथे चपलेपेक्षा पर्स जास्त झिजते. शेवटी अल रीम आयलंडवरच्या आमच्या टॉवरचं तिसरं बेसमेंट माझ्या नशिबी आलं. वरची दोन बेसमेंटं गाड्यांनी ठासून भरलेली असतात, पण बी-थ्रीमध्ये शुकशुकाट. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, डोक्यावर पाइप, आणि ऊन नावालाही नाही. सकाळी माझा नवरा विनय ऑफिसला गेला की मी बूट घालून खाली उतरायचे.

तिथेच मला हालिनामावशी पहिल्यांदा दिसली. साठी कधीच ओलांडलेली, ठेंगणी, रुंद हाडाची. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल मानेमागे गाठ मारून बांधलेला आणि खांद्यावरून तिरकी अडकवलेली कापडी पिशवी. ती झपझप चालत यायची, एका खांबासमोर थांबायची, पिशवीत हात घालून बाहेर काढायची, हातात काहीच नसायचं. मग खांबाकडे बघून दोन शब्द बोलायची, मान हलवायची आणि पुढच्या खांबाकडे निघायची. आमचा वॉचमन शाजी मला म्हणाला, "मॅडम, फिफ्टीन्थ फ्लोअर. युक्रेन से आई है. थोडा..." आणि त्याने कपाळाला बोट लावलं. मग लगेच म्हणाला, "लेकिन अच्छी लेडी है. मेरे को केक देती है."

मी तिच्या वाटेला गेले नाही. परदेशात पंधरा-सोळा वर्षं काढली की माणूस एवढं शिकतो. पण एके दिवशी मी नेहमीप्रमाणे सरळ चालले असताना ती मागून धावत आली आणि माझा दंड धरून मला तिने खसकन बाजूला ओढलं.

"नो! डॉग!"

मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. समोर खांब, खांबाला टेकवलेला झाडू, बाकी काही नाही.

"व्हेरी बॅड डॉग," ती गंभीरपणे म्हणाली. "चेन लाँग." तिने हात पसरून साखळी किती लांब ते दाखवलं. मग माझा चेहरा पाहून स्वतःच हसायला लागली. हसली की तिचा एक सोन्याचा दात दिसायचा. "डॉग नॉट हिअर," ती म्हणाली, आणि हात लांब करून भिंतीपलीकडे, समुद्रापलीकडे कुठेतरी दाखवलं. "डॉग देअर."

ते 'देअर' म्हणजे सादकी. खार्किव हे त्यांच्याकडचं मोठं शहर, आणि तिथून बसने तासाभरात सादकी गाव. गावापलीकडे सूर्यफुलांची शेतं, शेतांपलीकडे झाडी आणि झाडीपलीकडे रशियाची हद्द. हालिनामावशी त्या गावची पोस्टमन. बाईला पोस्टमन म्हणावं की काय म्हणावं हे मला अजून कळलेलं नाही, पण आयुष्यभर तिने सायकलवरून त्या गावात टपाल वाटलं, म्हाताऱ्यांना पेन्शन नेऊन दिली, आणि पुढे पुढे टपाल आटलं तसं त्याच पिशवीतून काडेपेट्या, साखर आणि गोडंतेलसुद्धा पोचवलं. लढाई सुरू झाली त्या वर्षी तिची लेक ओक्साना तिला इकडे घेऊन आली. ओक्साना एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर बाहेर असते. मागे राहिलेली आई घरात काय करणार? तिने आमच्या बेसमेंटमध्ये आपलं गाव मांडलं.

आमची बोलायची भाषा म्हणजे एक भेळच होती. तिचं इंग्रजी मूठभर, माझं युक्रेनियन शून्य. मध्ये मध्ये इथल्या हवेतच असलेले खलास, यल्ला, इन्शाल्ला. जिथे सगळंच संपायचं तिथे तिचा फोन तिचं बोलणं इंग्रजीत म्हणून दाखवायचा, पण फोनचा आवाज एका तरुण मुलीचा होता आणि तो मावशीला शोभायचा नाही. त्यापेक्षा हातवारे बरे. त्यांच्याकडे गावातल्या बाईला मावशी-आत्या म्हणायची रीत आहे असं ओक्सानाने सांगितल्यावर मी तिला मावशीच म्हणायला लागले. ती मला 'मेधोच्का' म्हणायची. पन्नाशीच्या बाईला कुणी असं लाडाने हाक मारली की वीस वर्षं कमी झाल्यासारखी वाटतात.

मग मीही तिच्या फेरीत सामील झाले. गाड्यांचा उतार जिथे संपतो तिथे सादकीचा बसस्टॉप. पहिला खांब दुकानाचा. दुसरा स्तेपानचा, ट्रॅक्टर चालवायचा, आता रिटायर, आणि त्याच्याकडे एक लंगडा हंस होता जो फक्त सरकारी माणसांना चावायचा. झाडूवाला खांब कुत्र्याचा. त्यापुढचे दोन खांब नाद्या आणि ल्युबा या जुळ्या बहिणींचे. वडील गेल्यावर दोघी भांडल्या आणि घराच्या बरोब्बर मधोमध भिंत घातली. चुलीच्यासुद्धा मधून. भाऊबंदकी ही खास आपल्याकडची चीज असा माझा समज होता, तो त्या दिवशी गळून पडला. दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत, पण मावशी दिसली की प्रत्येकीचा पहिला प्रश्न, "तिला काय आलं?" म्हणून एकीचं पत्र आलं की मावशी दुसरीसाठी पदरचं एखादं वर्तमानपत्र टाकायची. "नो फाइट," ती म्हणाली. "न्यूजपेपर ओल्ड. शी नॉट सी."

फेरीच्या शेवटाकडे हान्नाचा खांब यायचा. हान्ना दाराबाहेरच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत असे. तिथे मावशी जरा टेकल्यासारखं करायची, न दिसणाऱ्या बिया तोंडात टाकायची. आणि तिथूनच वळायची. पुढे पंपरूमच्या दाराशी अजून एक खांब होता. त्या खांबापर्यंत ती कधी गेली नाही. मी एकदा बोलता बोलता दोन पावलं पुढे गेले, तर मागून आवाज आला, "मेधोच्का, खलास. यल्ला, होम."

तिच्या सवयी तिच्या नोकरीनेच लावलेल्या. आमच्या दाराला बेल आहे. तिने ती कधी वाजवली नाही. दोनदा टकटक करायची आणि लगेच दाराच्या बाजूला सरकून भिंतीला लागून उभी राहायची. मी दार उघडलं की समोर कोणी नाही. सुरुवातीला मी दोनदा दचकले. मग विचारलं, तर ती म्हणाली, इतक्या वर्षांत तिने चांगल्या बातम्या नेल्या तशा वाईटही नेल्या. दार उघडणारा माणूस आधी पोस्टमनच्या तोंडाकडे बघतो आणि तिथेच बातमी वाचतो. ते बरं नाही. माणसाने बातमी कागदावर वाचावी, आणि वाचताना त्याला एकटं असू द्यावं. म्हणून बाजूला व्हायचं. हे सगळं तिने फोनवाल्या मुलीकडून मला सांगितलं. त्या मुलीच्या आवाजातसुद्धा ते मला लागलं.

आणि आमच्या दोघींत एक पोळ्यांचा डबा होता. माझा, स्टीलचा, सासूबाईंचं नाव कोरलेला. पहिल्यांदा मी त्यात शंकरपाळे दिले. रिकामं भांडं परत देऊ नये हे आपल्यालाच ठाऊक आहे असं आपल्याला वाटतं. चार दिवसांनी डबा आला तो बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्यांनी भरून. उकडलेल्या, वर तळलेला कांदा. मग मी चकल्या दिल्या. तिकडून मधाचा केक आला. मी बेसनाचे लाडू दिले. माझी लेक सई म्हणाली, "मॉम, धिस इज अ‍ॅन आर्म्स रेस." माझी साखर उतरणार कशी, हे डॉक्टरांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटच्या खांबाचं मला ओक्सानाने सांगितलं. एकदा संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटली. आई दिवसभर काय करते म्हणाली, मी बेसमेंटचं सांगितलं. पंधरावा मजला आला तरी ती बाहेर पडली नाही. दार बंद झालं, आम्ही पुन्हा खाली आलो.

"लास्ट वन इज अवर हाउस," ती म्हणाली.

त्या घरात तिचे वडील मिकोला होते. लढाईच्या पहिल्याच सकाळी रणगाडे सादकीच्या रस्त्यावरून गेले. काही आठवडे नवरा-बायको बटाट्यांच्या तळघरात राहिले. मग माणसं काढून नेणारी एक गाडी कशीबशी गावात पोचली. मावशी बसली. मिकोला म्हणाला, गाय दिवसांत आहे, तिला अशी टाकून कसा येऊ? व्याली की येतो. पुढच्या गाडीने.

पुढची गाडी आली नाही. फोनचा टॉवर पडला. शरद ऋतूत गाव रशियनांच्या ताब्यातून सुटलं, पण हद्द एवढी जवळ की तोफा चालूच. शेतात सुरुंग. उरलीसुरली माणसं हलवली आणि गाव बंद केलं. काहींना त्याआधीच हद्दीपलीकडे, रशियात नेलं होतं. मिकोला दवाखान्यात नव्हता, कैद्यांत नव्हता, सापडलेल्या मेलेल्यांत नव्हता. "सो मम्मा इज नॉट अ वाइफ अँड नॉट अ विडो," ओक्साना म्हणाली, आणि या खेपेला तिने स्वतःच बटण दाबून दार उघडलं.

मी घरी आले, कणीक मळायला घेतली, आणि माझ्या लक्षात आलं की मी रडते आहे. गाय दिवसांत आहे म्हणून मागे राहणारे आमच्या गावात किती तरी असते. माझे काका राहिले असते.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी ओक्सानाची ड्यूटी होती म्हणून मावशीला चर्चला मी नेलं. दुसऱ्या कुणाच्या आवारातला हॉल मागून घेऊन त्यांचा पाद्री महिन्यातून एकदा प्रार्थना घ्यायचा. हॉलमध्ये मेणबत्त्या लावायच्या दोन जागा होत्या. एक उंच, गोल, पितळी. दुसरी बुटकी, चौकोनी, वाळूने भरलेली, मागे लहानसा क्रूस. लोक येत, मेणबत्त्या घेत, काही इथे काही तिथे लावत. मावशीने बारीक पिवळी एक मेणबत्ती घेतली आणि दोन्हींच्या मध्ये जाऊन उभी राहिली. प्रार्थना सुरू झाली, संपली, पाद्री जाऊन जोडे घालून आला, तरी ती तिथेच. मेणबत्ती हातात, पेटवलेली नाही. मी विचारलं, "मावशी, काय झालं?"

तिने उंच जागा दाखवली. "लिव्हिंग." मग वाळूची. "डेड." आणि मेणबत्ती पिशवीत ठेवून ती माझ्या आधी गाडीत जाऊन बसली.

वाटेत आम्ही भाजीला थांबलो. पिशवी गाडीत. सप्टेंबरचं ऊन, परत आलो तोवर मेणबत्ती मऊ होऊन वाकली होती. मावशीने ती तळहातांत धरून सरळ करायचा प्रयत्न केला. थोडी झाली, पूर्ण नाही झाली. पुढे एकदा मी डबा द्यायला तिच्याकडे गेले तेव्हा तिने लोणी काढायला फ्रीज उघडला, आणि दारातल्या कप्प्यात, केचपच्या बाटलीशेजारी, ती मेणबत्ती उभी होती. वाकडीच. नंतर जेव्हा जेव्हा त्यांचा फ्रीज उघडला, तेव्हा माझी नजर आधी तिथे गेली. ती तिथे असली की मला बरं वाटायचं. नसती तर काहीतरी ठरलं असतं.

त्याच वर्षी दिवाळीत, धनत्रयोदशीला, मी यमदीप लावत होते. कणकेचा दिवा, वात दक्षिणेकडे, उंबऱ्याबाहेर. अल रीमच्या टॉवरमध्ये दक्षिण शोधणं हे एक वेगळंच प्रकरण. विनयने फोनमधलं होकायंत्र लावलं, कॉरिडॉरभर फिरला आणि सांगितलं, "दक्षिण त्या आग विझवायच्या पाइपाच्या कपाटात आहे." आम्ही दिवा चपलांच्या स्टँडशेजारी ठेवला आणि वरच्या स्मोक डिटेक्टरकडे बघत उभे राहिलो. तेवढ्यात मावशी डबा घेऊन आली. दिव्याकडे पाहून थबकली.

"फॉर डेड?" तिने हळूच विचारलं.

"नो, नो. फॉर लिव्हिंग," मी म्हणाले, आणि अडकले. यमाला इंग्रजीत कसं बसवायचं? सई आतून म्हणाली, "इट्स लाइक, यू टेल डेथ: नॉट येट, प्लीज." मी मान डोलावली. घरातल्या कुणाला अवेळी मरण येऊ नये म्हणून मरणाच्या देवाला दिलेला दिवा. माझ्या आईने मला एवढंच सांगितलं होतं.

मावशीने फोनला विचारून खात्री करून घेतली. मग दिव्याकडे बराच वेळ पाहिलं. "नॉट येट," ती म्हणाली. "धिस आय कॅन."

ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेली, उरलेली कणीक घेतली आणि दिवा केला. माझा दिवा एका अंगाला कलला होता. तिचा नीट बसला. तिने तो माझ्या दिव्याशेजारी ठेवला, वात त्याच दिशेला केली, पेटवला, आणि रुमाल सारखा करून उभी राहिली. शाजी राउंडला आला. त्याने दोन बायका, दोन दिवे आणि वरचा डिटेक्टर पाहिला, आणि तो जिना चढून वरच्या मजल्यावर निघून गेला. दिवे विझेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मला एकच भीती वाटत होती, की ती मला विचारेल, आधीच नेलं असेल तर या दिव्याचं काय होतं? तिने विचारलं नाही.

वसंतात तिने बिल्डिंगभर गाजावाजा केला. आमच्या टॉवरच्या मधल्या मजल्यावर बाग आहे, त्यात खजुराची झाडं. एका सकाळी लोक पोरांना घेऊन खाली आले तर सगळ्या झाडांचे बुंधे कमरेपर्यंत पांढरेशुभ्र. मॅनेजमेंटची ईमेल आली की रहिवाशांनी लँडस्केपिंगच्या मालमत्तेला रंग लावू नये. कुणी लावला हे शोधायला फार कष्ट पडले नाहीत, कारण ती शेवटच्या झाडाशी ब्रश घेऊन बसलेलीच होती. मॅनेजमेंटचा माणूस तावातावाने आला. मावशी त्याला म्हणाली, "ईस्टर कमिंग. ट्री डर्टी." त्यांच्याकडे ईस्टरच्या आधी झाडांना चुना देतात. न दिलेलं झाड म्हणजे पारोसं. त्याने नियम सांगितले, तिने त्याला एक राहून गेलेली जागा दाखवली आणि ब्रश पुढे केला. त्याने तो घेतला का, हे शाजी अजून सांगत नाही.

दोन दिवसांनी माणसं लावून झाडं धुतली. मी ओक्सानाशी हे सांगून हसत होते, तर ती म्हणाली, दर वर्षी चुना पप्पा द्यायचे. मम्मा नुसती उभी राहून चुका काढायची. ब्रश तिने आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. पाण्याच्या टाकीमागचं एक झाड धुणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं. ते पांढऱ्या पायाचं अजून उभं आहे.

असं ते सगळं वर्ष गेलं. फेरी, डबा, फ्रीजमधली मेणबत्ती. पुन्हा धनत्रयोदशी आली, पुन्हा दोन दिवे. मला वाटायला लागलं होतं की हे असंच चालेल, आणि खरं सांगायचं तर असंच चालावं असं मला वाटत होतं. सादकी माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की एकटी चालतानाही मी कुत्र्याच्या खांबाला वळसा घालायचे.

मग हिवाळ्यातल्या एका सकाळी मी बी-थ्रीमध्ये उतरले तर मावशी माझ्या आधी आलेली. माझ्यासाठी थांबली नव्हती. दुकान, स्तेपान, कुत्रा, बहिणी. कुठेच न थांबता ती चालली होती. पिशवी नव्हती. हान्नाच्या खांबाशी ती वळेल म्हणून मी तिथे थांबले. ती वळली नाही. पंपरूमच्या दाराशी गेली, शेवटच्या खांबावर हात ठेवला आणि उभी राहिली.

मी जवळ गेले. मला कळलं होतं.

"हान्ना टेलिफोन," ती म्हणाली. मग तिने मला आधी गाईचं सांगितलं. "काउ, बेबी. गर्ल. व्हाइट हिअर." तिने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. कालवड झाली होती, कपाळावर पांढरा ठिपका. मिकोलाने तिला गोणपाटात गुंडाळून तळघरात ठेवली होती. कालवड उभी राहिली, दूध प्यायली. हे सगळं सांगून झाल्यावर बाकीचं तिने फोनवाल्या मुलीला सांगू दिलं. गाईला पाणी आणायला तो विहिरीवर गेला होता. गोळा तिथे पडला. स्मशानाच्या वाटेवर सुरुंग होते म्हणून हान्ना आणि स्तेपानने त्याला अंगणातल्या अक्रोडाखाली पुरला. नंतर हान्नाला हद्दीपलीकडे नेलं, फोन काढून घेतला, आणि नंबर त्या फोनमध्येच राहिला. सुटून, कुठून कुठून फिरून पोलंडमध्ये भाचीकडे पोचल्यावर तिने चर्चच्या लोकांना विचारत विचारत ओक्सानाला शोधून काढलं.

म्हणजे आम्ही पहिल्यांदा दिवा लावला, तेव्हा तो कधीच गेलेला होता.

मी मावशीला जवळ घेतलं. मी हुंदके देऊन रडले. ती रडली नाही; माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळाने मी विचारलं, चर्चला जायचं का? मेणबत्ती?

"हिअर नो," ती म्हणाली. "मिकोला देअर."

परवानग्या, फोन, अर्ज यांत ओक्सानाचे दोन-तीन महिने गेले. मिकोलाला अंगणातून काढून नीट स्मशानात ठेवायचं होतं, आणि त्यासाठी पोलिसांसोबत घरच्यांना गावात थोडा वेळ जाऊ देणार होते. लढाईमुळे थेट तिकडे विमान जात नाही, पोलंडपर्यंत उडायचं आणि पुढे रेल्वेने. माझी मनातून इच्छा होती की तिने जाऊ नये. मी ते बोललेही. तिने माझा गाल थोपटला.

निघायच्या दुपारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मावशी फ्रीजसमोर उभी होती. एवढ्या प्रवासात मेणबत्ती मोडेल अशी तिला काळजी. मी घरी जाऊन पोळ्यांचा डबा आणला. खाली रुमाल घातला. इतके दिवस ती सरळ व्हावी म्हणून आमचा जीव खाली-वर होत होता, पण वाकलेली होती म्हणूनच ती डब्याच्या गोलाईत बरोबर बसली. मावशीने झाकण लावलं आणि डबा तिरक्या पिशवीत ठेवला.

मग तिने मला बसवलं. त्यांच्याकडे प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी क्षणभर बसायचं असतं, न बोलता. ओक्साना बॅगेवर, मावशी स्टुलावर, मी त्यांच्या चपलांच्या कपाटावर. खाली टॅक्सी आलेली. कोणी हललं नाही. मावशी उठली तेव्हा मी तिला सांगितलं, "आमच्याकडे 'जाते' नाही म्हणत. 'येते' म्हणतात."

"येते," ती म्हणाली. लिफ्टचं दार बंद झालं.

ती आली नाही. ती खार्किवमध्ये बहिणीकडेच राहिली. ओक्साना तीन आठवड्यांनी एकटी परतली. चहाला आली तेव्हा थकलेली होती. जाताना म्हणाली, "मम्माने तुला दाखवायला सांगितलंय," आणि तिने मला एक व्हिडिओ पाठवला.

मी तो घरात पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बी-थ्रीमध्ये उतरले आणि उताराच्या पायथ्याशी, बसस्टॉपवर, सुरू केला.

फोन ओक्सानाच्या हातात. पुढे मावशी, पाठमोरी, तोच रुमाल, तीच पिशवी. मागून एका पोलिसाचा आवाज. तो काय म्हणत होता ते ओक्सानाने आधीच सांगितलं होतं. डांबरी रस्ता सोडू नका, कडेच्या गवतात पाय ठेवू नका. मावशी रस्त्याच्या मधून चालत होती. ती चालली की मी चालत होते, ती थांबली की मी थांबत होते. दुकानाच्या जागी काळी पडलेली चौकट. स्तेपानचं नुसतं फाटक. मावशी रस्त्यावरूनच त्याचं नाव घ्यायची, मान हलवायची, पुढे व्हायची. कुत्र्याच्या घराशी तिने वळसा घातला. मीही घातला. नाद्या आणि ल्युबाच्या घरात काही उरलं नव्हतं. दोघींच्या मधली भिंत तेवढी उभी होती, अर्ध्या-अर्ध्या चुलीसकट. हान्नाचा बाक शाबूत होता. मावशी त्याच्याकडे बघून थांबली, पण बसता येत नव्हतं, तो गवतात होता.

मग ती शेवटच्या घराशी आली. मी पंपरूमच्या खांबाशी.

तिथवर जायला पोलिसांनी वाट साफ करून दोन्ही बाजूंना लाल-पांढरी फीत बांधली होती. निळं लाकडी दार. दाराच्या मागे घर नव्हतं. त्याच्या आरपार अंगण दिसत होतं, अक्रोडाचं झाड, झाडाखाली ओली, नुकती उकरलेली माती आणि फावडी टेकवून थांबलेली दोन माणसं. कुणीही बाजूने आत गेलं असतं. मावशी दाराशी गेली. तिने दोनदा टकटक केली, आणि लगेच बाजूला सरकून उभी राहिली.

पोलीस काहीतरी म्हणाला. ओक्सानाच्या हातातला फोन हलला. मावशी तशीच उभी होती, चेहरा दारापासून वळवून, आतल्या माणसाला एकटं असू देत. वारा असावा, रुमालाचं टोक उडत होतं. दार कोणी उघडलं नाही.

मग तिने पिशवीत हात घातला आणि माझा पोळ्यांचा डबा बाहेर काढला.